अवांती आणि अवंती

आमच्या केडगांवास अमेरिका हा देश अगदींच परका नाहीं. पंडिता रमाबाईंनीं त्या देशांत प्रवास करून तेथील लोकस्थितीवर १८८९ सालीं मराठींत पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि पुढें त्यांचें मुक्तिसदन उभें राहिलें तें याच गांवीं. परंतु आज मी जिच्याविषयीं बोलणार आहें ती अमेरिका शाळांची किंवा सभांची नव्हे. ती चार चाकांवर धावणारी आहे. लहान बांध्याची, दोन दारांची, वेगासाठीं घडवलेली जी मोटार ‘स्पोर्ट्स कूपे’ या नांवानें ओळखली जाते, तिची ही हकीकत. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाचा या मोटारीशीं काय संबंध, असें आपणांस वाटेल. तो संबंध एका मुलाच्या प्रश्नानें जुळला.

कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटींत मी नातवाला घेऊन चौफुल्यास गेलों होतों. तेथें सोलापूर रस्त्याच्या कडेला, चहाच्या दुकानापुढें, एक लाल मोटार उभी होती. तिचें छत माझ्या छातीपर्यंतदेखील पोंचत नव्हतें. भोंवतीं पंधरावीस माणसें जमलीं होतीं. कोणी म्हणे ती इटलीची, कोणी म्हणे जर्मनीची. इतक्यांत चहा घेऊन मालक आले आणि हंसून म्हणाले, “पुण्याची आहे. अवंती तिचें नांव.” माझा ऊर भरून आला. परंतु घरीं येतां येतां नातवानें मोबाइलवर शोध केला आणि मला विचारलें, “आजोबा, हिचें इंजिन तर फ्रान्सच्या रेनो कंपनीचें आहे. मग ही आपली कशी?”

या प्रश्नाचें उत्तर मला तत्काळ देतां आलें नाहीं. विद्यार्थ्याला उत्तर न देतां पुढें जाण्याची शिक्षकाला संवय नसते. म्हणून मी शोध घेत राहिलों. तेव्हां असें आढळलें, कीं याच नांवाची एक मोटार अर्ध्या शतकापूर्वीं अमेरिकेंत होऊन गेली होती. तिचें नांव इटालियन भाषेंतलें, उच्चार अवांती, अर्थ ‘पुढें चला’. आपल्याकडे अवंती म्हणजे उज्जयिनीचा प्राचीन प्रदेश. या दोन गाड्यांच्या हकीकती शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे माझ्या नातवाच्या प्रश्नाचें उत्तर आपोआप समोर येतें, असें मला वाटतें.

प्रथम ‘कूपे’ म्हणजे काय तें पाहूं. हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ ‘कापलेली’. घोड्यांच्या बग्ग्यांच्या काळीं चौघांच्या बंद बग्गीचा एक भाग जणूं कापून टाकून दोघांपुरती आटोपशीर बग्गी करीत, तिला हें नांव मिळालें. मोटारींच्या युगांत दोन दारांच्या, मागें उतरत्या छताच्या गाडीस तेंच नांव पडलें. तिला ‘स्पोर्ट्स’ हें विशेषण लागतें तें ती बुटकी आणि चपळ असते म्हणून. कडब्यानें उंच भरलेली बैलगाडी वळणावर कशी डुलते, तें आपण पाहिलेंच असेल. तीच गाडी विटांनीं भरली तर डुलत नाहीं, कारण भार खालीं राहतो. स्पोर्ट्स मोटारीचें सारें शास्त्र या एका अनुभवावर उभें आहे. भार जितका जमिनीजवळ, तितकें वळण निर्धोक.

आतां अमेरिकेकडे वळूं. इंडियाना संस्थानांत साउथ बेंड नांवाचें शहर आहे. तेथें १८५२ सालीं स्टुडिबेकर बंधूंनीं लोहारकामाचें आणि छकडे बांधण्याचें दुकान काढलें. त्या दुकानाची पुढें मोठी मोटार कंपनी झाली आणि तिच्या गाड्या हिंदुस्थानच्या रस्त्यांवरही धांवल्या. परंतु १९६० च्या सुमारास ती कंपनी डबघाईस आली होती. १९६१ सालीं शेरवुड एग्बर्ट हे तिचे नवे अध्यक्ष झाले. लोकांचें लक्ष कंपनीकडे पुन्हा वळावें म्हणून त्यांनीं एक अपूर्व मोटार काढण्याचें ठरवलें, आणि पॅरिसमध्यें जन्मलेले, अमेरिकेंत नांवारूपास आलेले रेमंड लोवी यांना पाचारण केलें. लोवी यांनीं कॅलिफोर्नियांत पाम स्प्रिंग्ज येथें एक घर भाड्यानें घेतलें, मोजक्या सहकाऱ्यांसह तेथें मुक्काम ठोकला आणि कांहीं आठवड्यांतच आकृति सिद्ध केली. एप्रिल १९६२ मध्यें अवांती लोकांपुढें आली.

ही गाडी दिसावयास इतर अमेरिकन गाड्यांहून अगदीं निराळी होती. त्या काळीं पुढच्या तोंडावर चकचकीत धातूची जाळी असणें हें प्रतिष्ठेचें लक्षण मानीत. अवांतीला ती जाळीच नव्हती. इंजिनास लागणारा वारा पुढील आडव्या पट्टीच्या खालून आंत घेतला जाई. ब्रेकही निराळे. पुढील चाकांना बंद पिंपाऐवजीं उघड्या तबकडीचे ब्रेक होते. सायकलच्या चाकाची कड रबरी गुटके दोन्ही बाजूंनीं धरतात, तशी ही फिरती तबकडी चिमट्यांत धरली जाते. ती उघड्यावर असल्यामुळें लवकर थंड होते आणि वारंवार दाबूनही ब्रेक हातचे जात नाहींत. त्या काळच्या अमेरिकन मोटारींत ही सोय क्वचितच आढळे.

इंजिन ४·७ लिटरचें, आठ नळकांड्यांचें, २४० अश्वशक्तीचें. हौशी गिऱ्हाईकास त्यावर हवा फुंकणारें यंत्र बसवून मिळे. लोहार भाता कशासाठीं ओढतो? जास्त हवा मिळाली कीं कोळसा जास्त फुलतो. इंजिनांतही तसेंच आहे. नळकांड्यांत दाबून अधिक हवा भरली तर अधिक पेट्रोल जळतें आणि त्याच आकाराच्या इंजिनांतून अधिक बळ निघतें. अवांतीचा हा भाता इंजिनावरील पट्ट्यानें फिरे. १९६२ सालींच बॉनव्हिल येथील मिठाच्या विस्तीर्ण मैदानावर या गाडीनें २९ विक्रम नोंदवले. तिचा वेग तासाला १६८ मैलांच्या वर गेला.

मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या अपूर्व गाडीच्या खालचा सांगाडा नवा नव्हता. तो कंपनीच्याच ‘लार्क’ नांवाच्या घरगुती, आटोपशीर मोटारीचा होता. म्हणजे अवांतीदेखील उसन्या पायांवरच उभी होती.

तिचें अंग मात्र खरोखर वेगळें होतें. तें पोलादी पत्र्याचें नसून कांचेचे तंतु आणि राळ यांचें, म्हणजे ज्याला आपण फायबर म्हणतों त्याचें होतें. शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेट गाडीनें हा मार्ग १९५३ सालींच दाखवला होता. फायबर कां निवडतात? पोलादाचा पत्रा प्रचंड यंत्रांत दाबून आकारास आणावा लागतो. त्या दाबाचे सांचे फार महाग पडतात. लाखों गाड्या विकावयाच्या असतील तरच तो खर्च निघतो. फायबरचा सांचा त्या मानानें स्वस्त. थोड्या गाड्या करणाऱ्या कारखानदारास म्हणूनच फायबर हा मोठा आधार वाटतो.

या स्वस्ताईची दुसरी बाजू मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळली. हा मुलगा शाळेंत भूमितीच्या आकृत्या काढावयास इतका वेळ लावी, कीं मीं एकदां सर्व वर्गासमोर त्याला गोगलगाय म्हटलें होतें. पुढें तो भोसरीकडच्या एका लहान कारखान्यांत बसगाड्यांचे फायबरचे भाग करण्याच्या कामास लागला. आपलें काम त्यानें मला असें समजावून दिलें. प्रथम सांच्याला मेण चोळावयाचें, म्हणजे माल चिकटत नाहीं. त्यावर रंगीत राळेचा थर. मग कांचेच्या तंतूंची चटई अंथरून तिच्यावर राळ ब्रशनें भिजवत जावयाचें आणि लाटणें फिरवून आंतील हवेचे बुडबुडे बाहेर काढावयाचे. बुडबुडा राहिला तर तेथें पुढें तडा जातो. राळ उन्हाळ्यांत लवकर आवळते, थंडींत उशिरा. भाग सांच्यांतून घाईनें काढला तर वांकडा होतो. तो शेवटीं म्हणाला, “गुरुजी, पहिला भाग कोणीही जीव लावून करतो. पन्नासावा तसाच निघतो का, त्यावर सारें आहे.”

आमच्या दौंड तालुक्यांत गुऱ्हाळें पुष्कळ. त्यामुळें मला हें लगेच पटलें. पहिल्या काहिलीचा गूळ पिवळाधमक उतरला म्हणून गुळव्या मोठा होत नाहीं. रात्रंदिवस गुऱ्हाळ चालू असतां शेवटच्या काहिलीची ढेपही तशीच पडली पाहिजे. काहील क्षणभर आधीं उतरवली तर गूळ मऊ, क्षणभर उशीर झाला तर करपट.

साउथ बेंडमध्यें नेमकें येथेंच बिघडलें. अवांतीला पाहून लोक पेढीवर धांवले. एग्बर्ट यांचा बेत पहिल्याच वर्षीं वीस हजार गाड्या विकण्याचा होता. परंतु फायबरचे भाग बाहेरच्या कारखान्यांतून येत, आणि ते एकमेकांस नीट जुळेनात. दार बसे तर कांच बसेना. १९६२ सालीं जेमतेम बाराशें गाड्या तयार झाल्या. वाट पाहून कंटाळलेल्या गिऱ्हाइकांनीं मागण्या परत घेतल्या. डिसेंबर १९६३ मध्यें स्टुडिबेकरनें साउथ बेंडचा कारखाना बंद केला. तोंवर निघालेल्या अवांती अवघ्या ४,६४३. कंपनीच्या अंताला ही एकटी गाडी कारण झाली, असें म्हणणें अन्यायाचें होईल. कंपनीचें घर आधींपासूनच पोखरलें होतें. परंतु ज्या गाडीवर तिनें अखेरची भिस्त ठेवली होती, ती वेळेवर हातीं आली नाहीं.

या बंदीचा फटका कोणास बसला? हजारों कामगारांची नोकरी गेली. त्यांतील चार हजारांहून अधिक जणांस, आयुष्यभर कबूल केलेल्या पेन्शनचा फक्त लहानसा अंश हातीं आला. त्या प्रकरणानें सारी अमेरिका हळहळली आणि १९७४ सालीं कामगारांच्या पेन्शनच्या संरक्षणाचा जो मोठा कायदा तेथें झाला, त्यामागें साउथ बेंडची आठवण होती. महिन्याच्या पेन्शनवर संसार चालवणाऱ्या माझ्यासारख्यास हा भाग वाचतांना मोटारीचें रूप क्षणभर विसरावयास झालें.

आतां याच काळांतलें उलट उदाहरण पाहूं. फोर्ड कंपनीनें १७ एप्रिल १९६४ रोजीं ‘मस्टँग’ नांवाची लहान स्पोर्ट्स मोटार विक्रीस आणली. ली आयाकोका हे तिचे मोठे पुरस्कर्ते. तिचें आंतलें बरेंचसें सामान ‘फाल्कन’ या साध्या घरगुती गाडीचें होतें आणि अंग पोलादी पत्र्याचें होतें. अवांतीची किंमत ४,४४५ डॉलर, तर मस्टँगची २,३६८ डॉलरांपासून पुढें. पहिल्याच दिवशीं सुमारें बावीस हजार मागण्या आल्या, आणि दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंत दहा लाख गाड्या निघाल्या. २०१६ सालीं ही मस्टँग हिंदुस्थानांतही अधिकृतपणें विक्रीस आली. तेव्हां तिची किंमत सुमारें ६५ लाख रुपये होती. अवांती आणि मस्टँग, दोघींनींही घरगुती गाडीचे अवयव उसने घेतले. मग एक बुडाली आणि दुसरी तरली, ती उसनवारीमुळें नव्हे. मस्टँगच्या पाठीशीं लाखावी गाडी पहिलीसारखी काढणारे हात आणि यंत्रें होतीं. अवांतीच्या पाठीशीं तीं नव्हतीं.

अवांतीचें पुढें काय झालें तेंही ऐकण्यासारखें आहे. साउथ बेंडमधील दोन मोटार-विक्रेत्यांनीं, नेथन ऑल्टमन आणि लिओ न्यूमन यांनीं, तिचे सांचे आणि हक्क विकत घेतले. स्टुडिबेकरचें इंजिन आतां मिळत नव्हतें, म्हणून कॉर्व्हेटमध्यें वापरलें जाणारें शेव्हरोले इंजिन त्यांनीं तिच्यांत बसवलें. १९६५ पासून ‘अवांती दुसरी’ या नांवानें ते ती गाडी विकूं लागले. वीस हजारांची भाषा त्यांनीं केली नाहीं. हातानें होतील तेवढ्याच थोड्या गाड्या वर्षाकांठीं करावयाच्या आणि गिऱ्हाइकाला तेवढेंच वचन द्यावयाचें, असा त्यांचा हिशेब होता. इंजिन दुसऱ्या कंपनीचें असूनही ती गाडी अवांती नव्हे, असें कोणी म्हटलें नाहीं. पुढें मालक बदलत गेले, तरी हें नांव एकविसाव्या शतकापर्यंत टिकलें.

आतां आपण घरीं येऊं. आपली आणि परक्यांची, हा वाद मुंबईस जुना आहे. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं शिवडीस कारखाना काढला. तेथें पेट्यांतून आलेले भाग जोडून गाड्या उभ्या करीत. जोडणें निराळें आणि घडवणें निराळें, हें ओळखून वालचंद हिराचंद यांनीं मोटारीचा स्वदेशी कारखाना काढण्याचा ध्यास घेतला. वालचंद सोलापूरचे, आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर त्यांच्याच नांवाचें. १९४४ सालीं त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापली आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ सालीं गाड्या निघूं लागल्या. त्याही प्रथम अमेरिकेच्या क्राइस्लर कंपनीच्या नमुन्याच्या होत्या. मग हळूहळू येथें घडवलेले भाग वाढत गेले. स्वदेशीच्या या कैवाऱ्यानें आरंभ उसनवारीनेंच केला, हें विसरूं नये.

यानंतर कित्येक दशकें स्पोर्ट्स मोटार येथें कोणी मनावर घेतली नाहीं. गोव्यांत सॅन मोटर्सनें ‘स्टॉर्म’ नांवाची दोन बैठकींची चिमुकली गाडी काढली. तिचें अंग फायबरचें आणि इंजिन रेनोचें, सव्वा लिटरांहूनही लहान. पुढें दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइन या संस्थेनें जानेवारी २०१२ मध्यें दिल्लीच्या मोटार-प्रदर्शनांत अवंती मांडली. छाब्रिया यांचें मोटार-आकृतीचें शिक्षण कॅलिफोर्नियांतलें. अवंती पुण्याजवळ तयार होऊं लागली आणि २०१५ च्या सुमारास गिऱ्हाइकांच्या हातीं आली.

हिची लांबी साडेचार मीटरांच्या थोडी वर, उंची सुमारें १·२ मीटर. तरीही पोटाखालीं १७० मिलिमीटर जागा राखलेली, कारण आपल्या रस्त्यांवरील गतिरोधक तिला ओलांडावे लागतात. तिचें इंजिन चालकाच्या पाठीमागें, मागील आंसाच्या पुढें बसवलें आहे. बैलगाडींत भार फार मागें गेला तर गाडी उलाळ होते; फार पुढें आला तर बैलांच्या माना दबतात. शहाणा गाडीवान भार आंसाच्या आसपास ठेवतो. येथेंही मोटारीची सर्वांत जड वस्तु दोन्ही आंसांच्या मधोमध आणल्यामुळें वळतांना गाडी चटकन् फिरते. इंजिन केवळ दोन लिटरचें, चार नळकांड्यांचें. तरी त्याचें बळ सुमारें २५० अश्वशक्तीचें. जुन्या अवांतीचा भाता पट्ट्यानें फिरे. या अवंतीचा भाता इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूच्या झोतानेंच फिरतो. जें धुराड्यांतून वायां जावयाचें, त्यालाच कामाला लावलें आहे. मोजणीच्या रीति निराळ्या असल्यामुळें दोन्ही आंकडे तंतोतंत ताडून पाहूं नयेत. परंतु निम्म्याहून लहान इंजिनानें तेवढेंच काम करावें, यांत पन्नास वर्षांची प्रगति दिसते. तिची किंमत पस्तीस लाखांच्या आसपास होती. गाड्या थोड्याच निघाल्या आणि कांहीं वर्षांत तिचें उत्पादन थांबलें.

मग नातवाला मीं काय उत्तर दिलें? मीं सांगितलें, “बाळ, इंजिन कोणाचें यावरून गाडी आपली ठरत नाहीं. मस्टँगनें उसनें घेतलें, अवांतीनें घेतलें, वालचंदांनीं घेतलें. तें लपवण्यासारखें नाहीं. पुण्याच्या गाडीची आकृति येथल्या माणसांनीं काढली, अंग येथल्या हातांनीं घडवलें. तेवढी ती निश्चित आपली. परंतु पूर्ण आपली होण्यास आणखी एक गोष्ट लागते. ती पुन्हा पुन्हा तशीच काढतां आली पाहिजे आणि दहा वर्षांनींही तिचा मोडलेला भाग येथेंच घडवून मिळाला पाहिजे. ही विद्या विकत आणतां येत नाहीं. ती हातांत मुरावी लागते.”

माझा तो विद्यार्थी आतां गांवींच असतो. तो ज्या कारखान्यांत होता, तेथें मालकानें हातांना झेपणार नाहींत इतक्या मागण्या घेतल्या. घाईनें केलेला माल परत आला, आणि कारखाना मिटला. बाराजणांची रोजी गेली. साउथ बेंडची हकीकत मीं त्याला सांगितली, तेव्हां तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे तिकडेही असेंच.” हल्लीं तो घरामागच्या शेडमध्यें ट्रॅक्टरचीं छपरें आणि पाण्याच्या टाक्या करतो. महिन्यास होतील तेवढ्याच करतो. गेल्या वैशाखांत नातवाला घेऊन मी तेथें गेलों. एकाच सांच्यांतून निघालेलीं पांच छपरें ओळीनें उभीं होतीं. नातवानें पट्टी घेऊन पांचही मापलीं. मापांत कोठेंही फरक नव्हता. गोगलगाय हा शब्द मीं त्याच दिवशीं त्या विद्यार्थ्यापाशीं परत घेतला.

स्पोर्ट्स मोटार हें वेगाचें वाहन खरें. पण ती घडवणाऱ्या हातांना मात्र सावकाशीच साधावी लागते. उद्यां आपल्या जिल्ह्यांत पुन्हा कोणी अशी गाडी काढील, आणि काढावी अशी माझी इच्छा आहे. त्यानें प्रदर्शनांतील पहिल्या गाडीबरोबरच आपल्या शंभराव्या गाडीचाही विचार मनाशीं धरावा, आणि हातांना झेपेल तेवढेंच वचन द्यावें.